पेढा मी पण खाल्ला होता

७ मे २०२५ ला सकाळी आमच्या लोकलच्या डब्यात पेढे होते. बुधवार होता. रात्री एक-दीडच्या सुमाराला सीमेपलीकडे बहावलपूर, मुरिदके आणि अजून सात ठिकाणी अतिरेक्यांचे तळ आपण मारले ही बातमी पहाटेपासून सगळ्यांच्या फोनवर येऊन आदळत होती, आणि आमच्या ग्रुपमधले बँकवाले (नाव लिहित नाही, ते हे वाचतात) एवढ्या सकाळी कुठल्या हलवायाला उठवून आले देव जाणे पण किलोचा बॉक्स घेऊन गाडीत चढले. तो बॉक्स डोक्यावरून हातोहात पार दरवाज्यात लटकणाऱ्यांपर्यंत गेला आणि कोपर यायच्या आत रिकामा परत आला. एक पेढा मी पण खाल्ला. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी कमेंटमध्ये विचारेल की तेव्हा तुम्ही कुठे होता. तिथेच होतो, खिडकीपासून तिसऱ्या सीटवर, तोंडात पेढा.

आणि का खाऊ नये? २२ एप्रिलला पहलगामच्या अतिरेकी हल्ल्यात जे २६ जण गेले त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले, आणि त्या सहातले तिघं आमच्या डोंबिवलीचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भागशाळा मैदानावर मी होतो. एरवी तिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि बाकड्यांवर आजोबा लोक राजकारण करतात, त्या दिवशी एवढी गर्दी आणि एवढी शांतता मी डोंबिवलीत कधी बघितली नव्हती, नंतर घोषणा सुरू झाल्या ते वेगळं. घरी आलो तेव्हा बायको काही न बोलता टीव्ही बंद करून बसली होती कारण मागच्या वर्षी त्याच सीझनला आम्ही पण काश्मीरचं बुकिंग करता करता राहिलो होतो. तर अशा माणसांना पंधरा दिवसांनी पेढा गोडच लागणार.

पेढे संपले आणि आमच्यातला सगळ्यात लहान मेंबर, जो ठाण्याला उतरून पुढे ऐरोलीला आयटीत जातो, त्याने एकदम साध्या आवाजात विचारलं, "काका, पण याने अतिरेकी कमी होतील का वाढतील?"

डब्यात एक सेकंद कोणी बोललंच नाही. मग सगळे एकदम बोलले.

बँकवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. साप घरात शिरला तर त्याला ठेचायचा, तो वाढेल का कमी होईल याचा अभ्यास नंतर. २६/११ ला १६६ माणसं गेली, आपण युद्ध नाही केलं, काय मिळालं? पुलवामा मिळालं, ४० जवान गेले. मग बालाकोट केलं तर सहा वर्षं एवढं मोठं काही झालं का? (मध्ये रियासीला यात्रेकरूंच्या बसवर हल्ला झाला होता, ते मी म्हणालो तर म्हणे मोठं म्हणतोय मी मोठं.) आमचे मंत्रालयवाले नेहमीप्रमाणे उलट्या बाजूला. त्यांचं म्हणणं की बॉम्बने माणूस मरतो, त्याचा भाऊ मरत नाही, आणि तो भाऊ काल काही नव्हता तो उद्या अतिरेकी होतो. यावर बँकवाले म्हणाले की त्याच्या भावाला पण मारू. ठाणं आलं, पोरगा उतरला, विषय गुरुवारी परत, शुक्रवारी परत, शनिवारी संध्याकाळी युद्धबंदीच झाली. सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी, मंगळवारी गाडीत आलो तर अर्धे लोक खट्टू आणि अर्धे सुटल्यासारखे.

पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण हाच प्रश्न मी बावीस वर्षांपूर्वी एकदा चुकवून बसलोय.

२००३ चा मार्च आठवतो का? वर्ल्डकपची फायनल २३ तारखेला आणि इराकवर अमेरिकेचा हल्ला २० ला सुरू. मी तेव्हा पंचविशीत, नवीन नोकरी, घरात नवा कलर टीव्ही. एका चॅनेलवर सचिन आणि दुसऱ्यावर रात्रीचं हिरवं बगदाद आणि त्यावर फुटणारे दिवे, मी रिमोट घेऊन इकडून तिकडे. फायनल हरलो, पण ९ एप्रिलला सद्दामचा पुतळा साखळी लावून पाडला ते बघताना मला खरंच छान वाटलं होतं. म्हटलं याला म्हणतात करून दाखवणं. आमच्या संसदेने ठराव करून त्या युद्धाबद्दल नापसंती दाखवली आणि जुलैत अमेरिकेने आपलं अख्खं डिव्हिजनभर सैन्य मागितलं तर वाजपेयींच्या कॅबिनेटने १४ जुलैला नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये तावातावाने बोललोय की आपण कायम असेच शेपूट घालणार. ऐकणारे दोन साक्षीदार अजून जिवंत आहेत.

आता गंमत अशी की हा जो प्रश्न आमच्या पोराने विचारला ना, जवळपास तोच प्रश्न ऑक्टोबर २००३ मध्ये खुद्द अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी आपल्या लोकांना एका मेमोमध्ये विचारला होता. मेमो बाहेर फुटला म्हणून जगाला कळलं. आपण रोज जेवढे अतिरेकी मारतोय, पकडतोय, त्यापेक्षा जास्त रोज नवीन तयार होतायत का, आणि ते मोजायला आपल्याकडे काही मापच नाहीये, अशा अर्थाचं. म्हणजे युद्ध सुरू करणाऱ्यालाच सात महिन्यांत शंका आली होती, आणि मी कँटीनमध्ये ठाम.

मग काय झालं तिथे? मी हे सगळं नंतर, खूप नंतर वाचलं, आणि वाचताना सगळ्यात जास्त अडकलो ते बॉम्ब आणि रणगाड्यांवर नाही, एका ऑफिस ऑर्डरवर. पॉल ब्रेमर नावाचे अमेरिकेचे प्रशासक मे २००३ मध्ये बगदादला आले आणि आल्या आल्या दोन आदेश काढले. १६ मेला पहिला, की सद्दामच्या बाथ पार्टीतले वरच्या फळीचे सगळे लोक सरकारी नोकरीतून बाहेर. २३ मेला दुसरा, की इराकचं सैन्य बरखास्त. साधारण चार लाख माणसं. एका सहीने. पगार बंद, हुद्दा बंद, पेन्शनचा पत्ता नाही, आणि हत्यार घरी. सैनिक रस्त्यावर आले, मोर्चे काढले, जूनमध्ये त्या मोर्च्यावर गोळीबार होऊन दोघं मेले, मग कुठे महिन्याला थोडा भत्ता चालू केला. तोपर्यंत दारूगोळ्याच्या कोठारांवर धड पहारापण नव्हता. अल काका नावाच्या एका कारखान्यातूनच ३७७ टनांच्या आसपास स्फोटकं गायब झाली. टन म्हणतोय मी, किलो नाही.

हे वाचलं आणि मला माझा मोठा काका आठवला.

काका लालबागला गिरणीत होता, साचे खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप असा काही संपला की संपलाच नाही, गिरणी परत धड चालू झालीच नाही. मी लहान होतो पण सुट्टीत चाळीत जायचो तेव्हाचं चित्र डोळ्यासमोर आहे, काका सकाळी भोंग्याच्या वेळेला उठायचा, आंघोळ करायचा, शर्ट घालायचा आणि मग गॅलरीत येऊन बसायचा. भोंगा वाजत नव्हता तरी. काकूने खानावळीचे डबे सुरू केले म्हणून घर तगलं. काका साधा माणूस, पुढे भाजीचा धंदा केला, वारकरी झाला, बाकी काही नाही. पण त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एक पोरगा होता, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, बाप त्याच गिरणीतला. कॅरम इतका सुंदर खेळायचा की बघत राहावं, मला स्ट्रायकर धरायला त्याने शिकवलं, तर्जनी कशी सैल सोडायची ते. बाप घरी बसल्यावर हा आधी वसुलीला जायला लागला, मग हप्ते, मग एका गँगमध्ये मोठं नाव, आणि नव्वदच्या दशकात पोलिसांच्या गोळीने गेला. गिरणगावात अशी एक नाही अनेक पोरं, ज्यांनी परळ-लालबाग बघितलंय त्यांना सांगायला नको.

आता चाळीतली प्रत्येक दुसरी खोली गुंडाची झाली असं मी म्हणत नाही. अडीच लाखांतले मूठभर. पण मूठभरच लागतात ना! आणि ती तर कापड विणणारी माणसं होती, ज्यांच्या हातात आयुष्यात काठी नव्हती. इराकमध्ये ज्या चार लाखांना घरी बसवलं त्यांना बंदूक चालवण्यापलीकडे दुसरं काही येतच नव्हतं. त्यातले एक टक्का बिघडले तरी चार हजार झाले, आणि ते पण ट्रेन केलेले, सरकारी खर्चाने.

सद्दामच्या हवाई दलातला एक कर्नल होता, पुढे हाजी बक्र म्हणून ओळखला जायला लागला. नोकरी गेली, मग बंडखोरांमध्ये गेला, अमेरिकेच्या तुरुंगात पण राहून आला, आणि शेवटी आयसिस नावाचं जे प्रकरण झालं त्याची सगळी मांडणी, म्हणजे हेर कुठे पेरायचे, गावात कोणाला पकडायचं, कोणाची लग्नं कुठे लावायची, याचे कागद त्याच्या घरात सापडले. आयसिसचा पुढचा म्होरक्या अबू बक्र अल बगदादी, त्याला २००४ च्या फेब्रुवारीत पकडलं होतं, कॅम्प बुक्का नावाच्या तुरुंगात ठेवलं आणि डिसेंबरमध्ये सोडून दिलं, कारण तो काही मोठा वाटला नाही. तो तुरुंग म्हणजे काय होतं, एका बाजूला कट्टर धार्मिक, दुसऱ्या बाजूला बेकार झालेले सद्दामचे अधिकारी, मध्ये हजारो सटरफटर पोरं, सगळ्यांना एका कुंपणात घालून जेवण फुकट. आपल्याकडे पण म्हणतात ना की आत जातो पाकीटमार आणि बाहेर येतो दादा. तसंच ते.

आणि युद्धाआधी इराकात काय होतं? सद्दाम होता, तो काही देवमाणूस नव्हता, स्वतःच्याच लोकांवर विषारी गॅस सोडलेला माणूस. पण आत्मघातकी ट्रक घेऊन जाणं हा प्रकार तिथे जवळजवळ नव्हताच. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या यूएन ऑफिसवर असा ट्रक गेला, २२ माणसं मेली, आणि तिथून ते जे सुरू झालं ते इराकमध्ये पण थांबलं नाही. ११ मार्च २००४ ला माद्रिदला सकाळच्या लोकल गाड्यांमध्ये बॉम्ब फुटले, १९० च्या वर माणसं, आमच्यासारखीच डबा घेऊन कामाला निघालेली. करणाऱ्यांनी टेपमध्ये इराक आणि अफगाणिस्तानचं नाव घेतलं होतं. पुढच्या वर्षी ७ जुलैला लंडनच्या ट्यूबमध्ये आणि बसमध्ये, ५२ गेले. ब्रिटनच्या एमआय ५ च्या तेव्हाच्या प्रमुख एलायझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी नंतर चौकशी समितीसमोर सरळ सांगितलं की इराकमुळे आमच्या एका पिढीतली काही तरुण पोरं भडकली. ही कोणी मोर्चेवाली बाई नाही, देशाची हेरप्रमुख.

हे सगळं मी गाडीत तीन दिवसांत हप्त्याहप्त्याने सांगितलं, दर वेळी ठाण्याला तुटायचं. बँकवाले म्हणाले तुमचा पगाराचा सिद्धांत चांगला आहे, एलआयसीत पाहिजे होतात तुम्ही.

पण पगाराचा सिद्धांत तिथे खरंच चालला हो. २००६-०७ मध्ये इराक पार पेटलेला असताना अमेरिकेने दोन गोष्टी केल्या. तीस हजार जास्तीचं सैन्य आणलं, ते सगळ्यांना माहिती आहे. दुसरी अशी की सुन्नी टोळ्यांमधली पोरं जी कालपर्यंत अमेरिकनांवर गोळ्या झाडत होती त्यांना अल कायदाच्या विरोधात उभं केलं आणि महिन्याला तीनशे डॉलरच्या आसपास पगार चालू केला. अशी एक लाखाच्या घरात माणसं होती. दीड वर्षात हिंसाचार धाडकन खाली आला. मग अमेरिकन निघाले, आणि बगदादमध्ये जे मलिकी सरकार होतं त्याने या पोरांना नोकरीत घ्यायचं कबूल केलेलं पाळलं नाही, पगार अडकवले, म्होरक्यांना अटका केल्या. पुढे काय झालं? जून २०१४, मोसुल. हजार-दीड हजार आयसिसवाले आले आणि त्यांच्या कितीतरी पट सैन्य युनिफॉर्म काढून पळालं. जे पळालं तेवढं तरी होतं! नंतर नव्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की हजेरीपटावरचे ५० हजार सैनिक अस्तित्वातच नव्हते, त्यांचे पगार भलतेच लोक खात होते. म्हणजे ज्यांना द्यायला पाहिजे होता त्यांचा बंद, आणि जे नाहीतच त्यांचा चालू. आमचे मंत्रालयवाले इथे अचानक खिडकीबाहेर बघायला लागले.

आता माझा सिद्धांत जिथे मोडतो ते पण सांगतो, लपवत नाही, कारण तो मोडतो ते ठिकाण माझ्या घरापासून दोन स्टेशनं आहे.

मे २०१४ मध्ये कल्याणची चार पोरं यात्रेकरूंच्या ग्रुपबरोबर बगदादला गेली आणि तिथून ग्रुप सोडून आयसिसकडे निघून गेली. शिकलेली, खाऊनपिऊन सुखी घरातली, पैशाची काही ददात नाही. घरच्यांनीच पोलिसांकडे धाव घेतली होती बिचाऱ्यांनी. त्यातला एक नोव्हेंबरमध्ये परत आला, पेपरात तेव्हा आलं होतं की त्याला तिथे लढायला कमी आणि पाणी भरायला, संडास साफ करायला जास्त लावलं. लोक हसले. मी पण हसलो, पण नंतर विचार केला तर हसण्यासारखं नव्हतं. या पोरांचा कोणी पगार बंद केला नव्हता. ब्रेमरने त्यांचं काही घोडं मारलं नव्हतं. यांना इराक नकाशात दाखवता आला असता की नाही कोण जाणे. मग गेली कशी? तर मला वाटतं युद्धाने एक तमाशा उभा केला, मोठ्ठा, जगभर दिसेल असा, आणि ज्यांच्या डोक्यात आधीच काहीतरी किडा होता त्यांना जायला एक जागा मिळाली. शंभरावर देशांतून चाळीस हजारांच्या आसपास लोक गेले. भारतातून अगदी मोजके गेले, एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने काहीच नाही, हे आपल्या लोकांचं श्रेय आहे. पण त्या मोजक्यांतले चार एकाच गावचे, आणि ते गाव आमच्या शेजारचं, आमची महापालिका पण एकच. त्याच महापालिकेत अकरा वर्षांनी भागशाळा मैदान. कधी कधी रात्री झोप येत नाही तेव्हा मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघतो आणि मला त्यातून काही काढता येत नाही.

बँकवाल्यांकडे हुकमाचं पान एकच होतं, आणि ते खरंच भारी आहे. श्रीलंका. एलटीटीई, म्हणजे तमिळ वाघ. जगातली सगळ्यात भयानक संघटना, आत्मघातकी पट्टा यांनीच कुठल्या कुठे नेला, आपले राजीव गांधी २१ मे १९९१ ला श्रीपेरंबुदूरला यांनीच मारले. मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने म्होरक्या प्रभाकरनसकट संपवली. संपली ना? परत उठली का? नाही उठली. मान्य. मी यावर तीन दिवस गप्प होतो.

पण नीट बघा. एलटीटीईकडे जमीन होती, पोलिस होते, कोर्टं होती, बोटींचं आरमार होतं, चार-दोन विमानं पण होती. म्हणजे ती जवळजवळ सेनाच होती आणि सेनेला सेना हरवू शकते. आयसिसचं पण तेच, २०१७ ला मोसुल घेतलं, मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बागूज हे शेवटचं गाव घेतलं, खिलाफत खलास. हे युद्धानेच झालं, चर्चेने झालं नसतं, मी एवढा पण गांधीवादी नाही. श्रीलंकेत मात्र शेवटच्या काही महिन्यांत ४० हजारांपर्यंत साधी माणसं मेली असावीत असं यूएनच्या समितीने २०११ ला म्हटलंय, तो हिशोब कुठल्या खात्यात टाकायचा ते प्रत्येकाने ठरवावं. आणि १९८७ ला आपली शांतिसेना तिथे शांतता राखायला गेली होती आणि त्याच एलटीटीईशी लढत बसली, हजाराच्या वर जवान तिथे गमावले, १९९० ला परत आली, आणि पुढच्याच वर्षी श्रीपेरंबुदूर. म्हणजे एकाच संघटनेशी दोन युद्धं, एकाने ती संपली आणि एकाने ती आपल्या दारात आली.

आणि मग २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. बागूज पडून महिनासुद्धा झाला नव्हता. कोलंबो, नेगोम्बो, बट्टिकलोआ, चर्चमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत स्फोट, २६० च्या वर माणसं गेली. एलटीटीईचा काडीचा संबंध नाही, स्थानिक पोरं, चांगल्या श्रीमंत घरातली काही, आणि जबाबदारी घेतली आयसिसने. म्हणजे युद्धाने संपवलेली ही दोन्ही उदाहरणं एकाच सकाळी एकाच देशात येऊन भेटली. वर अजून एक, भारताच्या गुप्तचरांनी श्रीलंकेला आधी कळवलं होतं की असं होणार आहे. तो कागद तिथे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. जे काम एका फोनने होणार होतं ते झालं नाही.

कागदावरून आठवलं. रँड नावाची अमेरिकेची संस्था आहे, सैन्यासाठी पण अभ्यास करते, म्हणजे झोळीवाले नाहीत. त्यांनी २००८ ला १९६८ पासूनच्या ६४८ दहशतवादी संघटना काढून बघितल्या की यातल्या ज्या संपल्या त्या कशाने संपल्या. ४३ टक्के राजकारणात येऊन, ४० टक्के पोलिस आणि गुप्तचरांमुळे, १० टक्के तर स्वतः जिंकल्या म्हणून, आणि सैन्याने संपवलेल्या फक्त ७ टक्के. सात! मी हा आकडा गाडीत टाकला तेव्हा बँकवाले म्हणाले सात टक्के एफडीला पण मिळत नाहीत आजकाल.

आपल्याकडचंच बघायचं तर कारगिल बघा. जुलै १९९९ ला आपण जिंकलो, नीट जिंकलो, त्याबद्दल दुमत नाही. मग काश्मीर शांत झालं का? त्याच जुलैत तिथे फिदायीन हल्ले सुरू झाले, डिसेंबरला कंदाहारचं विमान, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये श्रीनगरची विधानसभा, १३ डिसेंबरला आपली संसद. ती दोन-तीन वर्षं काश्मीरमध्ये सगळ्यात वाईट होती. आणि संसदेवरच्या हल्ल्यानंतर आपण सीमेवर सैन्य नेऊन दहा महिने उभं केलं, ऑपरेशन पराक्रम, युद्ध न करता परत आणलं, सुरुंग पेरता-काढताना आपलेच बरेच जवान गेले, लोकांनी चिकार टिंगल केली. पण मुशर्रफना टीव्हीवर येऊन लष्कर-ए-तोयबा आणि जैश-ए-मोहम्मदवर बंदी जाहीर करावी लागली (नाव बदलून चालूच राहिल्या म्हणा), २००३ च्या नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली, सीमेवर कुंपण पूर्ण झालं आणि पुढची काही वर्षं आकडे उतरत गेले. म्हणजे झालेल्या युद्धानंतर चढले आणि न झालेल्या युद्धानंतर उतरले. यात अमेरिकेचा दबाव, कुंपण, काश्मीरमधल्या निवडणुका अशी दहा कारणं आहेत, एकाच गोष्टीला श्रेय देता येत नाही हे मला कळतं. पण मग "मारलं की गप्प बसतात" याला पण एकट्याला श्रेय देऊ नका, एवढंच.

त्यामुळे पोराला मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, बाबा, ज्याला पत्ता आहे त्याला युद्ध लागतं. तळ आहे, गोडाऊन आहे, झेंडा लावलेलं गाव आहे, तिथे बॉम्ब टाकलास तर काहीतरी पडतं. मुरिदकेला पत्ता होता, तो पडला, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोण उठून कामाला लागतं, कोण बेकार होतं, कोणाचा व्हिडिओ कोण बघतं, हे कुठल्याच मिसाइलला कळत नाही. तो म्हणाला, "म्हणजे वाढतील?" मी म्हटलं मी असं कुठे म्हणालो. तो म्हणाला, "मग कमी होतील?" तेवढ्यात ठाणं आलं.

जुलैच्या शेवटी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, श्रीनगरजवळ दाचीगामच्या जंगलात पहलगामचे तिघं मारले गेले. ज्यांनी प्रत्यक्ष गोळ्या घातल्या तेच तिघं. मंगळवारी गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की मे महिन्यात पहिली टीप मिळाली होती, मग दोन महिने आपले लोक त्या डोंगरात पायी फिरून त्यांच्या सेटचे सिग्नल शोधत होते, आणि मारल्यावर सुद्धा त्यांच्या बंदुकांची काडतुसं चंदीगडच्या लॅबमध्ये पहलगामच्या काडतुसांशी जुळवून बघितली, मग जाहीर केलं. त्यांच्या सामानात पाकिस्तानी चॉकलेटं होती म्हणे.

बुधवारी मी गाडीत चढलो. मँचेस्टरची मॅच जडेजा-सुंदरने कशी वाचवली आणि स्टोक्सने हात पुढे केल्यावर यांनी खेळणं का सोडलं नाही यावर बँकवाले आणि मंत्रालयवाले, दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत होतं. पोरगा फोनवर तीच बातमी वाचत होता, चॉकलेटवाली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काका, आज पेढे नाहीत?"

बँकवाल्यांनी ऐकलं. म्हणाले, "अरे हो, राहिलंच. उद्या आणतो."